पोत्यातून सुटलेला गहू

पर्थपासून ईशान्येला सुमारे १९० किलोमीटरवर, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गहूपट्ट्यात वायलकॅचम नावाचं गाव आहे. रेल्वेचे रूळ, एक रुंद रस्ता, आजूबाजूला क्षितिजापर्यंत शेतं आणि काही शे माणसांची वस्ती. ऑस्ट्रेलियातल्या गव्हाची गोष्ट निघाली की विल्यम फॅररने तयार केलेल्या वाणांचं नाव हमखास निघतं. माझ्या मते वायलकॅचमचं नावही तितक्याच आदराने घ्यायला हवं. गहू पिकवण्याइतकंच तो शेतातून जहाजापर्यंत पोचवणं अवघड होतं आणि त्या कामाची रीत इथे बदलली.

ही मूळची नूंगार लोकांची भूमी. गावाला नावही त्यांच्याच एका पाणवठ्यावरून मिळालं. १९११ च्या सुमारास रेल्वे आली, गावठाण आखलं गेलं आणि वसाहतवाल्यांनी सॅमन गम, गिम्लेट या झाडांची रानं तोडून, जाळून जमीन मोकळी केली. पाऊस वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर, तोही बहुतेक हिवाळ्यात. माती इतकी हलकी की सुपरफॉस्फेटशिवाय दाणा भरत नसे. रानं गेल्यावर जमिनीखालचं खारं पाणी वर चढू लागलं. झाडतोड आणि खारपड यांचा संबंध डब्ल्यू. ई. वुड या रेल्वेच्या इंजिनिअरने १९२४ मध्येच मांडला होता. तरी झाडं पडतच राहिली आणि त्याची किंमत हा पट्टा आजही मोजतो आहे.

त्या काळी सगळा गहू पोत्यात भरला जाई. एका पोत्यात तीन बुशेल, म्हणजे सुमारे ८२ किलो. शेतातच पोतं ठासून भरायचं, दाभणाने सुतळीचे टाके घालून तोंड शिवायचं, गाडीवर चढवायचं, स्टेशनावर उतरवून थप्पी लावायची, पुन्हा वाघिणीत, पुन्हा बंदरावर. दर वेळी ते कुणाच्या तरी पाठीवर किंवा खांद्यावरच. थप्प्यांना पावसाचं, उंदरांचं, टोरक्यांचं भय. आणि पोती कुठून यायची? कलकत्त्याहून. हुगळीकाठच्या गिरण्यांत विणलेलं तागाचं पोतं समुद्र ओलांडून इथे यायचं आणि गव्हासकट परदेशी जायचं. पोत्याचा पैसा मात्र शेतकऱ्याच्या खिशातून जायचा, दर हंगामात नव्याने.

१९३० मध्ये सरकारने ‘जास्त गहू पिकवा’ अशी हाक दिली. शेतकऱ्यांनी पेरा वाढवला आणि ऐन वेळी जागतिक मंदीत भाव कोसळले. हमीभावाचं विधेयक सिनेटमध्ये अडलं. गव्हाचे पैसेच हाती येईनात, तेव्हा पोत्याचा खर्च डोळ्यांत खुपू लागला.

१९३१ च्या हंगामात वेस्ट्रेलियन फार्मर्स, म्हणजे ‘वेस्फार्मर्स’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या शेतकरी संस्थेने वायलकॅचमच्या परिसरातल्या पाच स्थानकांवर सुटा गहू घ्यायचा प्रयोग केला: बेंजाबेरिंग, कोरेलॉकिंग, नेम्बडिंग, ट्रेनिंग आणि येलबेनी. काँक्रीटचे उंच सायलो बांधायला पैसा नव्हता. म्हणून लाकडी सांगाडा आणि पन्हळी पत्रे वापरून आडवी, बसकी कोठारं उभारली. गाडीतला गहू खाली ओतायचा, एलेव्हेटरने वर चढवून कोठारात सोडायचा, मग तिथून थेट वाघिणीत. देखणेपणाचा सोस नाही, परवडेल तेवढंच. मला या कल्पनेचं मोठेपण तिथेच दिसतं.

प्रयोग जमला. १९३३ मध्ये ‘को-ऑपरेटिव्ह बल्क हँडलिंग’, म्हणजे सीबीएच, ही सहकारी संस्था स्थापन झाली. विरोध जोरात झाला. पोती वाहणाऱ्या कामगारांच्या पोटावरच पाय येत होता आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. १९३५ मध्ये या प्रश्नावर शाही आयोग बसला. शेवटी सुटा गहू जिंकला. शेतकरी तगला, पण पोत्यांभोवतीची मजुरी गेली. पुढे यंत्रं मोठी झाली, शेतं एकमेकांत मिसळली आणि गहूपट्ट्यातली गावं आणखी विरळ झाली. वायलकॅचममध्ये एका जुन्या कोठारात आता या साऱ्याचं संग्रहालय आहे.

आज ट्रक कोठारावर आला की आधी एक लांब नळी गव्हात खुपसून नमुना ओढला जातो. ओलावा साडेबारा टक्क्यांपेक्षा जास्त निघाला तर माल अडतो. प्रथिनं, बारीक दाणे, कचरा तपासून प्रत ठरते आणि त्याप्रमाणे ट्रक ठरावीक ढिगाकडे जातो. नूडल्ससाठी लागणाऱ्या मऊ गव्हात प्रथिनं साडेनऊ ते साडेअकरा टक्केच हवीत. जपानी उदोन नूडल्ससाठी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या या गव्हाला मोठी मागणी असते.

२०२१-२२ च्या हंगामात सीबीएचने दोन कोटी टनांहून अधिक धान्य घेतलं. एवढा पसारा झाल्यावर त्यावर इतरांची नजर जाणारच. २०१६ मध्ये संस्थेची कंपनी करून ती शेअर बाजारात नेण्याचा प्रस्ताव आला, तो संचालक मंडळाने फेटाळला. मालकी अजून गहू पिकवणाऱ्यांकडेच आहे.