माळावरचे हिवाळी पाहुणे : बीदर-कलबुर्गीच्या रस्त्यांवरून

बीदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमावर्ती जिल्ह्यांतला उघडा माळ महसुली भाषेत पडीक किंवा गायरान ठरत असला, तरी मध्य आशियातून हिवाळ्यासाठी दक्षिणेत उतरणाऱ्या शिकारी पक्ष्यांना तो भरल्या कोठारासारखा असतो, आणि म्हणूनच या भागात पक्षी पाहायचे तर किल्ल्याच्या किंवा अभयारण्याच्या दारापेक्षा त्यांना जोडणारे रस्तेच अधिक उपयोगी पडतात. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. कोकणच्या घराघरांत दिसणारा हाच दगड येथे किल्ल्याच्या तटांत दिसतो, आणि त्याच्यावरचा लाल मातीचा थर पातळ असल्याने मोठ्या झाडांपेक्षा गवत आणि खुरटी झुडपेच जास्त टिकतात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत घरोघरी मराठी ऐकू येते. दक्षिणेकडे काळी माती आणि तुरीची शेते सुरू होतात, भीमेकाठी मराठी यात्रेकरूंच्या ओळखीचे गाणगापूर लागते, आणि पूर्वेकडे चिंचोळीचे पानगळीचे जंगल उभे राहते, ज्याला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला.

या प्रदेशातल्या हिवाळ्याचा खरा मानकरी म्हणजे भोवत्या. हा लांब पंखांचा, सडपातळ अंगाचा शिकारी पक्षी घारीसारखा उंच घिरट्या न घालता गवताच्या शेंड्यांना जवळजवळ स्पर्श करत, पंख वर उचललेल्या स्थितीत तरंगत जातो. घुबडाप्रमाणे त्याच्या चेहऱ्याभोवती पिसांची तबकडी असते, जी गवतातली बारीक सळसळ कानांपर्यंत पोहोचवते. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा उंदीरही त्याच्या तावडीतून सुटत नाही. माँटेग्यूचा भोवत्या आणि फिकट भोवत्या या दोन्ही जाती कझाकस्तानसारख्या गवताळ प्रदेशांत वीण करून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास भारतात येतात आणि उन्हाळा तापू लागला की परततात. नर राखी असतात, आणि माँटेग्यूच्या नराच्या पंखावर वरच्या बाजूने जाणारी काळी पट्टी हीच त्याची खूण; तपकिरी माद्यांच्या बाबतीत मात्र मुरलेले निरीक्षकही वाद घालतात.

दिवसभर शेतांवरून नाकतोडे टिपत हिंडणारे हे पक्षी रात्री झाडावर बसत नाहीत. सूर्य मावळताना ते चारी दिशांनी एखाद्या ठरावीक गवताळ तुकड्याकडे येतात, बराच वेळ घिरट्या घालतात आणि मग एकेक करून गवतात उतरून जमिनीवरच निजतात. सकाळी ते निघून गेल्यावर त्या जागी दाबलेल्या गवताच्या थाळीएवढ्या खळग्या आणि करंगळीएवढे करडे गोळे सापडतात; न पचलेले केस, पिसे आणि नाकतोड्यांचे पाय पक्षी तोंडावाटे अशा गोळ्यांच्या रूपाने बाहेर टाकतो. गोळा फोडून पाहिला, तर शेजारच्या तुरीवरची कीड कोण खात होते याचा पुरावाच हाती येतो.

या माळावरचे काही पक्षी समुद्रापलीकडे अरबस्तानातही भेटतात. ओमानमध्ये पक्षी पाहायला जाणारे लोक मस्कतहून सलालाहच्या वाटेला लागतात, तेव्हा सुमारे १००० किलोमीटरच्या त्या प्रवासात त्यांना वाळवंट आणि किनारा दोन्ही मिळतात. पण नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या भालकीच्या माणसाला तिथे पहिल्या दिवशी भेटतात ते टिटवी, तित्तिर आणि नीलपंख हे घरचेच पक्षी. पखुर्डीचीही गोष्ट तीच. मातीच्या रंगात मिसळून जाणारा, कबुतराच्या बांध्याचा हा पक्षी कोरडे बी खाऊन जगतो, म्हणून त्याला रोज पाण्यावर यावेच लागते, आणि नर आपल्या पोटाची पिसे पाण्यात भिजवून ते पाणी दूरच्या पिल्लांपर्यंत पोहोचवतो. माळावरचे एखादे डबके ओळखून सकाळी मोटारीत शांत बसून राहिले, इंजिन बंद ठेवले आणि दार उघडण्याचा मोह आवरला, तर पखुर्ड्यांचे थवे हमखास येतात. माणसाच्या उभ्या आकृतीला भिणारे पक्षी वाहनाला सहसा भीत नाहीत.

समुद्र मात्र येथे नाही, आणि त्याची उणीव भालकी तालुक्यातला करंजा जलाशय आपल्या परीने भरून काढतो. ओमानच्या बर्र अल हिक्मान किनाऱ्यावर ओहोटीने उघड्या पडणाऱ्या चिखलात लाखो पाणपक्षी चरतात. धरणाची ओहोटी वर्षातून एकदाच, रब्बीला पाणी सुटू लागल्यावर येते, आणि मागे हटणाऱ्या काठावर शेकाटे, तुतारी व चक्रवाक दिसू लागतात. बीदरजवळच्या नौबादचा करेझ, म्हणजे भूमिगत बोगद्यातून उताराने पाणी आणण्याची इराणी पद्धत, आणि ओमानचे फलज हीदेखील एकाच कुळातली भावंडे आहेत.

आखाताशी असलेला हा संबंध जुना आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहमनी वजीर महमूद गावानच्या बीदरमधील मदरशाचे (१४७२) दिवस होते तेव्हाच, अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून विकायला घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला आला. त्याच्या प्रवासवर्णनात रात्री उडत ओरडणाऱ्या एका पक्ष्याची हकीकत आहे; तो ज्या घरावर बसेल तिथे कोणीतरी मरते आणि त्याला मारू पाहिल्यास त्याच्या तोंडातून आग निघते, असे त्याने लिहून ठेवले. दख्खनमधल्या पक्ष्यांची ही नोंद शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी खरी, पण घुबडाविषयीची ती समजूत आजही ज्या घरांत आहे त्यांना तिच्यातला पक्षी ओळखायला वेळ लागणार नाही.

भोवत्यांचे संकट यापेक्षा रुक्ष आहे. गवताळ माळ म्हणजे काही न उगवणारी जमीन, अशी समजूत सरकारी कागदांत मुरली असल्याने वनीकरणासाठी, सौर प्रकल्पांसाठी आणि शेतीच्या विस्तारासाठी पहिला हात त्याच्यावरच पडतो. जंगल तोडल्यावर निदान ओरड होते; माळावर झाडे लावली की कौतुकच होते. पण ओळीने लावलेली रोपे दोन-तीन वर्षांत डोक्याच्या वर गेली की भोवत्याला तिथे ना खाली तरंगायला वाव उरतो, ना रात्री निर्धास्त निजायला मोकळे गवत. संध्याकाळी तो त्या तुकड्यावर एक-दोन फेऱ्या मारतो आणि पुढे निघून जातो.