मिरज ते सांगली, एका स्लेजवर

मिरजेत लाकूड म्हटलं की आधी सतारमेकर गल्ली आठवते. तासून गुळगुळीत केलेली दांडी, तिला जोडलेला भोपळा आणि मांडीवर मावणारा एक तंबोरा. हे माप क्षणभर बाजूला ठेवू. आज आपण जे लाकूड मोजणार आहोत, त्याच्यापुढे तंबोरा काय, मालगाडीही अपुरी पडते. आणि ते लाकूड तोडणारे हात कुणाचे होते? कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातून पोटासाठी बाहेर पडलेल्या फ्रेंच भाषिक शेतकऱ्यांच्या पोरांचे.

आधी माणसं मोजू. १६६६ साली तिथल्या फ्रेंच वसाहतीची पहिली शिरगणती झाली. माणसं भरली ३,२१५! आपल्या दोन एक्सप्रेस गाड्यांत अख्खी वसाहत बसली असती. १८५१ उजाडेपर्यंत क्वेबेकची लोकसंख्या ८ लाख ९० हजारांवर गेली. पावणेतीनशे पट. घरात दहा-बारा मुलं ही साधी गोष्ट होती. जमिनीच्या अरुंद पट्ट्यांचे मात्र वाटण्या होऊन तुकडे पडत गेले. हा हिशेब सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको. मग माणसं निघाली. १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनेडियन सीमा ओलांडून अमेरिकेत गेले. म्हणजे १८५१ साली जेवढा प्रांत होता, जवळजवळ तेवढी माणसं!

या ९ लाखांना रेल्वेत बसवून पाहू. एका गाडीत १,५०० माणसं धरली तरी ६०० गाड्या लागतील. २४ डब्यांची गाडी इंजिनासकट सुमारे ५७० मीटर लांब. ६०० गाड्या एकीला एक चिकटून उभ्या केल्या तर रांग होते ३४२ किलोमीटरची. आणि मिरज ते लातूर लोहमार्ग किती? ३४२ किलोमीटर! २०१६च्या दुष्काळात आपली जलदूत ज्या वाटेनं पाणी घेऊन लातूरला जात होती, ती अख्खी वाट या गाड्यांनी भरून जाईल. मिरजेच्या फलाटावर पहिलं इंजिन, लातूरला शेवटचा डबा आणि मधे रूळ दिसणार नाहीत.

यातले बरेचसे न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेले. पण ज्यांच्या हाताला कुऱ्हाडीची सवय होती, ते मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटाच्या जंगलांत शिरले. कुऱ्हाडीची सवय जुनीच होती. ओटावा नदीवरून चौकोनी तासलेल्या तुळयांचा पहिला तराफा क्वेबेक शहराकडे निघाला १८०६ साली आणि शेवटचा १९०८ साली. शंभर वर्षांहून अधिक काळ, दर मोसमाला, तीन मुंबई-पुणे भरतील एवढ्या अंतरावर लाकूड पाण्यातून वाहत राहिलं. त्या नदीवरचा जो मोंफेरां (१८०२–१८६४) हा क्वेबेकचा लोकनायक झाला. मिशिगनमध्ये तेच वलय फेबियन फूर्निए या क्वेबेकच्या गड्याला मिळालं. त्याला दातांच्या दोन-दोन ओळी होत्या, असं लोक सांगत. पुढे अमेरिकाभर गाजलेल्या पॉल बनियन या अचाट लाकूडतोड्याच्या कथांचं एक मूळ म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. अशा माणसांभोवती गोष्टी का रचल्या जातात, ते आकडे पाहिले की पटतं.

ऊसतोडीला कोयता घेऊन निघणारी कुटुंबं आपण दर दिवाळीच्या सुमारास बघतो. तिकडचा लाकूडतोड्याही पीक काढून झालं की शरदात निघायचा आणि वसंतात परतायचा. फक्त थंडी उणे वीस-तीस अंशांची. पहाटेच्या अंधारात उठणं, दिवसभर कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत. समोरचं पाइनचं झाड ४५-५० मीटर उंच, म्हणजे पंधरा-सोळा मजले! वय दोन-तीनशे वर्षं. अशी झाडं दिवसभर कोसळत राहायची. या कामाला लागणारं इंधन ऐका. दिवसाला ६ ते ८ हजार कॅलरी, असा अंदाज सांगितला जातो. एका ज्वारीच्या भाकरीच्या २०० कॅलरी धरल्या तर ८ हजार म्हणजे ४० भाकरी. एका माणसाच्या, एका दिवसाच्या! तिथे त्या डुकराच्या खारवलेल्या मांसातून, घेवड्यातून आणि काकवीतून यायच्या. आणि मजुरी? महिन्याला साधारण २५ डॉलर. तेव्हा डॉलर अडीच रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साठ-पासष्ट रुपये.

या कष्टातून निघालेलं लाकूड मोजायचं माप सोपं आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. यापुढे लाकूड मोजताना त्याला नुसतं ‘फूट’ म्हणू.

२६ फेब्रुवारी १८९३. मिशिगनमध्ये ओंटोनॅगन नदीच्या परिसरात एका स्लेजवर, म्हणजे बर्फावरून सरकणाऱ्या बिनचाकी गाडीवर, ओंडके रचले गेले. प्रत्येक ओंडका १८ फूट लांब. एकूण ओंडके ५०. ढिगाची उंची ३३ फूट, म्हणजे तिमजली इमारत! वजन शंभर टनांच्या पुढे. ऊस भरलेल्या चार-पाच जोडट्रॉल्या एकीवर एक ठेवाव्यात तसं हे ओझं. ओढायला किती घोडे? दोन! रात्रभर पाणी शिंपडून वाटेचा काचेसारखा बर्फ केलेला असायचा, त्यावरून ती स्लेज सरकली. तेच लाकूड पुढे शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला पाठवलं, तेव्हा रेल्वेच्या ९ वाघिणी लागल्या. हो, तेच १८९३ सालचं प्रदर्शन, ज्याला जोडून भरलेली सर्वधर्म परिषद स्वामी विवेकानंदांनी गाजवली.

त्या स्लेजवरचं लाकूड भरलं ३६,०५५ फूट. इंचभर जाड, फूटभर रुंद फळ्या पाडून एकापुढे एक मांडल्या तर ११ किलोमीटर. मिरजेहून मांडत निघालो तर सांगलीत पोचून फळ्या उरतील. दोन घोडे, एक स्लेज आणि मिरज ते सांगली अखंड लाकडी पायवाट!

या पायवाटेवर मधे वानलेसवाडी लागते, आणि तिथे थांबायलाच हवं. कारण ते नावही कॅनडातून आलं आहे. विल्यम वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडातल्या ऑन्टारिओत झाला. फ्रेंच नव्हे, इंग्रजी बोलणाऱ्या घरात. १८८९ साली ते भारतात आले आणि १८९४ साली, म्हणजे मिशिगनच्या त्या स्लेजनंतरच्या वर्षी, मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. न्यूयॉर्कहून अटलांटिक ओलांडून, सुएझमार्गे मुंबईपर्यंतचा समुद्र साधारण १५ हजार किलोमीटरांचा. मुंबई-पुणे शंभर वेळा! १८९७ साली त्यांनी इथे वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, पुढे कुष्ठरुग्णांसाठी आणि क्षयरोग्यांसाठी सोय उभी केली आणि १९२८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. क्वेबेकचे लाखो तरुण दक्षिणेला आणि पश्चिमेला जात होते, त्याच दशकांत कॅनडाचा हा एक माणूस उलट्या दिशेनं आपल्या गावी आला. मला ही गोष्ट त्या ६०० गाड्यांइतकीच मोठी वाटते.

आता पुन्हा नदीवर. वसंतात बर्फ वितळला की हिवाळाभर तोडलेले ओंडके एकदम पाण्यात सोडायचे. त्यांच्यावर खिळ्यांचे बूट घालून चालणारे, गोठवणाऱ्या पाण्यात कमरेपर्यंत उतरणारे गडी यात वाकबगार, आणि त्यांत क्वेबेकच्या पोरांचा दबदबा. एखादा ओंडका अडकला की मागचे सगळे त्यावर चढायचे. १८८६ साली सेंट क्रॉय नदीत अशी कोंडी झाली. अडकलेलं लाकूड अंदाजे १५ कोटी फूट! २० फूट व्यासाची, ४० फूट खोल विहीर तळापासून काठापर्यंत लाकडानं ठासून भरली तर मावतं दीड लाख फूट. म्हणजे त्या एका कोंडीत हजार विहिरी भरतील एवढं लाकूड. फळ्या मांडल्या तर ४५ हजार किलोमीटरांच्या पुढे. विषुववृत्तावरून पृथ्वीला वेढा घालून वर ५ हजार किलोमीटर शिल्लक! ही कोंडी माणसांनी आकडे, दोर, वाफेच्या बोटी आणि सुरुंग लावून फोडली.

या अवाढव्यपणाची किंमतही तशीच अवाढव्य. तोडलेल्या झाडांच्या वाळक्या फांद्या जंगलभर पडून असत. ८ ऑक्टोबर १८७१च्या रात्री विस्कॉन्सिनच्या पेश्टिगो परिसरात वणवा भडकला आणि सुमारे १२ लाख एकर जळून गेले. जवळपास ४,८५० चौरस किलोमीटर, म्हणजे अर्ध्याहून अधिक सांगली जिल्हा. १,२०० ते २,५०० माणसं गेली. त्याच रात्री शिकागो पेटलं होतं, तिथे सुमारे ३०० मेली. जगाला शिकागो आठवतं. पेश्टिगोचे लाकूडतोडे आणि त्यांची कुटुंबं, नदीच्या पाण्यात तासन्‌तास उभी राहून वाचलेली मूठभर सोडली तर, नोंदीतसुद्धा नीट उरली नाहीत. मृतांच्या आकड्यात एवढी तफावत आहे ती त्यामुळेच.

तरी स्थलांतराची लाट थांबली नाही. ती पश्चिमेला सरकत पॅसिफिकला जाऊन टेकली. २८ सप्टेंबर १९०९ रोजी ११० फ्रेंच कॅनेडियन रेल्वेनं ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर मिल्सला उतरले. साडेचार हजार किलोमीटरांहून लांबचा प्रवास, तीस मुंबई-पुणे सलग! त्यांना आणलं होतं तिथल्या आशियाई कामगारांची जागा भरायला, आणि त्या कामगारांत आपले पंजाबी शीखही होते. त्यांच्या श्रमाचं मोलही याच लाकडात आहे.

आणि आता सगळ्यात मोठा आकडा. मिशिगनची सॅगिनॉ नदी. साल १८८२. काठावर शंभराहून अधिक सॉ मिल. त्या एका वर्षात, त्या एका नदीकाठी चिरलेलं लाकूड १०० कोटी फुटांच्या वर गेलं. शंभर कोटी! आपल्या त्या विहिरी भरायला घेतल्या तर साडेसहा हजार विहिरी. जलदूतच्या ५० वाघिणींतून एका खेपेला २५ लाख लिटर पाणी जायचं. तेवढ्याच जागेत हे लाकूड भरलं तर ९४४ खेपा, रोज एक गाडी सोडली तरी अडीच वर्षांहून जास्त! आणि फळ्या मांडल्या तर? ३ लाख ४ हजार ८०० किलोमीटर. मुंबई-पुणे २,०३२ वेळा. पृथ्वीला साडेसात वेढे. पण जमिनीवर मांडायच्याच कशाला, उभ्या करू. चंद्र आहे सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरांवर. एका नदीच्या एका वर्षाच्या लाकडानं पाऊण वाटेपेक्षा जास्त अंतर कापलं! उरलं ७९ हजार ६०० किलोमीटर, म्हणजे सुमारे २६ कोटी फूट. पुढच्या वर्षी उत्पादन थोडं उतरलं, तरी तिथवर पोचायला त्या मिलना निम्मं वर्षही लागणार नव्हतं.