मुक्तछंदाला चाल कोण लावणार?

श्रीनिवास खळे, यशवंत देव आणि नारायण सुर्वे हे तिघंही १९२६चे. पहिले दोघे कवितेला चाल लावणारे, तिसरा परळ-लालबागच्या गिरणगावात वाढलेला कवी. गेल्या नव्वदेक वर्षांच्या भावगीताकडे पाहताना हे तिघे मला एकत्र आठवतात.

१९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' गायली आणि कविता तबकडीवर गेली. पुढे गजाननराव वाटवे आले, वसंत प्रभू आले. तांब्यांचं पुस्तक कधी न उघडलेल्यांनाही तांबे पाठ झाले, ते प्रभूंच्या चाली आणि लताबाईंचा गळा यांमुळे. मुंबई आकाशवाणीने खळे, देव, पाडगावकर यांना हक्काचं घर दिलं. 'शब्दप्रधान गायकी' हे देवांच्या पुस्तकाचं नावच त्यांचा आग्रह सांगतं.

या साऱ्यांच्या मदतीला छंद होता. भुजंगप्रयात घ्या. लघु, गुरु, गुरु म्हणजे पाच मात्रा. असे चार गण, वीस मात्रा, झपतालाची नेमकी दोन आवर्तनं! ताल कवीनेच मोजून दिलेला असतो. हृदयनाथांनी आरती प्रभू आणि ग्रेस यांच्या धूसर प्रतिमांना सूर दिले, ते मोठंच धाडस होतं. पण त्या कवितांतही लय शाबूत होती.

सुर्व्यांची एक ओळ चार अक्षरांची, पुढची वीस. त्यांचं 'डोंगरी शेत' लोकांनी गायलं, कारण ते गीतच आहे. 'माझे विद्यापीठ'मधला मुक्तछंद मात्र मुख्यतः वाचनातूनच पोचला. आपलं भावगीत प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुवपदावर परततं, आणि मुक्तछंदात परतायला जागाच नसते. अमेरिकेत जॉन अ‍ॅडम्सने व्हिटमनची 'द वुंड-ड्रेसर' ही दीर्घ कविता बॅरिटोन आणि वाद्यवृंदासाठी बांधली, १९८०च्या दशकाच्या अखेरीस. तिथे गायक सलग पुढे जात राहतो आणि वाद्यवृंद त्याला सावरून धरतो.

पण त्यासाठी अमेरिकेकडे बघायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. ज्या शाहिरीच्या बळावर ते गिरणगावात घुमलं, तिच्यात याचं उत्तर आहे. पोवाड्यात शाहीर मध्येच गद्यात बोलतो, डफ मात्र थांबत नाही. कटावात एका दमात लांबच लांब ओळी धावतात आणि शेवटी समेवर आदळतात. ओवीचंही तसंच, चरण लहानमोठे झाले तरी ती गाता येते. अरुण कोलटकर तर स्वतः अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले होते. त्यांच्या मराठी ओळींतला बोलीचा ठेका ऐकणाऱ्या संगीतकाराला तिथेच बोल सापडतील.

गिरगावचा साहित्य संघ आणि दादरचं शिवाजी मंदिर जुन्या भावगीतांच्या मैफलींनी भरतात, मीही आनंदाने जातो. सुर्व्यांची शताब्दी साजरी करणाऱ्यांनी एखाद्या तरुण संगीतकाराला मानधन आणि वर्षभराचा अवधी द्यावा, सोबत एक डफवाला, एक पखवाजी आणि 'माझे विद्यापीठ'ची प्रत.