माहितीसंग्रहातील प्रवेशमार्गांची यांत्रिक निर्मिती

मोठ्या माहितीसंग्रहातून एखादी नोंद काढावयाची म्हणजे दोन प्रश्न उपस्थित होतात : काय हवे, आणि ते कोणत्या वाटेने मिळवावयाचे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरास ‘प्रवेशमार्ग’ म्हणता येईल. प्रारंभीच्या काळी हा मार्ग प्रोग्राम लिहिणारासच आखावा लागे. चार्ल्स बाखमन यांनी १९७३ साली ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात त्यास मार्ग आखणाऱ्या नाविकाची उपमा दिली, ती याच अर्थाने. परंतु हे परावलंबन दोषास्पद आहे, असे एडगर कॉड यांनी १९७० मध्येच दाखविले होते. कारण संग्रहाची मांडणी बदलताच तीवर विसंबलेले प्रोग्राम निकामी होतात.

यावरील उपाय आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पात योजण्यात आला. पीएल/वन किंवा कोबोल भाषेतील प्रोग्राममध्ये एस्क्यूएलची विधाने घालावयाची; पूर्वानुवादकाने ती वेगळी काढून त्यांचा मार्ग ठरवावयाचा आणि तदनुसार यंत्रभाषेतील प्रवेशखंड तयार करून संग्रहातच ठेवावयाचा, अशी ही पद्धती. ज्या सूचीवर खंड अवलंबून असेल ती काढून टाकल्यास तो रद्द ठरे, व पुढील वापराच्या वेळी नवा खंड आपोआप तयार होई. मूळ प्रोग्रामास हात लावावा लागत नसे.

मार्गाची निवड कशी होते, हे पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७९ मधील निबंधात विशद केले. किती पृष्ठे वाचावी लागतील व गणनेचे श्रम किती पडतील, यांवरून प्रत्येक मार्गाचा खर्च अंदाजावयाचा आणि अल्पतम खर्चाचा मार्ग घ्यावयाचा, हे त्यातील तत्त्व होय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १,००,००० विद्यार्थ्यांची नोंदवही १,००० पृष्ठांवर आहे. परीक्षा क्रमांकाच्या तीन पातळ्यांच्या सूचीतून एक विद्यार्थी चार पृष्ठांत सापडतो. मात्र दहा जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्याचे विद्यार्थी हवे असल्यास, विभागणी सारखी धरता, १०,००० नोंदी निघतात. त्या वहीभर विखुरलेल्या असतील तर जिल्ह्याच्या सूचीने गेल्यास जवळजवळ तितक्याच वेळा पृष्ठ उघडावे लागेल. संपूर्ण वही चाळली तर १,००० पृष्ठेच पुरतात. तात्पर्य, सूची आहे म्हणून ती वापरावीच असे नाही.

परंतु सारख्या विभागणीचे गृहीतच येथे निर्णायक ठरते. त्या जिल्ह्याचे प्रत्यक्षात २०० च विद्यार्थी असतील, तर सूचीचा मार्ग स्वस्त असूनही यंत्र वही चाळत बसेल. पुढील काळातील प्रणालींनी, उदाहरणार्थ पोस्टग्रेस्क्यूएलने, वारंवार येणाऱ्या मूल्यांची प्रमाणे नोंदवून ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. तथापि ती प्रमाणेही शिळी होतात व वेळोवेळी नव्याने मोजावी लागतात.

आजच्या साधनांत तर एस्क्यूएलची विधानेही साधनच रचते. जँगोसारखे साधन परकीय किल्लीवर सूचीही आपण होऊन बांधते. यामुळे श्रम वाचतात, हे निर्विवाद. परंतु मार्ग दृष्टीआड झाला म्हणजे त्याचा खर्च नाहीसा झाला, असे होत नाही. यंत्राने आखलेला मार्ग ‘एक्स्प्लेन’ या आज्ञेने तपासून पाहता येतो. मार्ग आखण्याचे काम यंत्राकडे गेले असले, तरी तो पारखण्याचे काम अद्याप माणसाकडेच आहे.