काट्यावरचा संगणक आणि बॅटरीची पंधरा मिनिटे



उसाची गाडी काट्यावर दोनदा चढते. एकदा भरलेली, एकदा रिकामी. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे आपला ऊस. आता भरलेल्या गाडीचे वजन संगणकात पक्के नोंदण्याआधीच वीज गेली, अन् गडबडीत गाडी पुढे सरकली, तर? ऊस एकदा गव्हाणीत पडला की त्याचे वजन पुन्हा कोण करणार? आपला खंडोबा अणदूरहून नळदुर्गला जातो तेव्हासुद्धा दोन्ही गावांत लेखी करार होतो. देवाचे जिथे लेखी, तिथे उसाचे टनेज तोंडी कसे चालेल?

यासाठी संगणकाशेजारी यू.पी.एस.चा डबा असतो. आत शिसे-आम्लाची बॅटरी. वीज असताना ती भरते आणि वीज जाताच डोळ्याचे पाते लवण्याआधी भार उचलते.

पण किती वेळ? साध्या डब्यातली बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची, म्हणजे ८४ वॅट-तास. संगणक व पडदा मिळून १०० वॅट धरले तर कागदावर पाऊण तासाहून जास्त येतो. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. विहिरीला मोठी मोटार लावली की झरा पुरत नाही, तसेच हे. तेव्हा ही वीज काम रेटायला नाही. नोंद पक्की करावी, पावती काढावी आणि संगणक रीतसर बंद करावा, किंवा जनरेटर सुरू होईपर्यंत दम धरावा. लेझर प्रिंटर या डब्याला जोडू नये; तो तापताना कित्येकशे वॅट ओढतो. काही पोरं पंखाही तिथेच लावतात. ती हवा महागात पडते हो!

बॅटरीचा खरा वैरी उष्णता. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. शिवाय बॅटरी मेली तरी पुष्कळ डब्यांवरचा हिरवा दिवा जळतच राहतो. खरे काय ते वीज गेल्यावरच कळते.

म्हणून महिन्यातून एकदा, सगळे काम जतन करून, भिंतीवरचे बटण बंद करावे आणि घड्याळ लावावे. किती मिनिटे टिकली ते तारखेसह डब्यावरच लिहावे. नवी असतानाच्या निम्म्यावर आली की बदलावी. जुनी बांधावर फेकू नये, दुकानदाराला परत द्यावी. २०२२च्या नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

पुढच्या खेपेस गाडी घेऊन आलात की काट्यावरच्या मुलाला सहज विचारा, शेवटची परीक्षा कधी घेतली. डब्यावर तारीख असेल तर तो वाचून दाखवील.