पिकअपचे पायदान कसे निवडावे?

भंडारा जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी सुरू झाली, की पिकअप गाड्यांची धावपळ वाढते. पांदण रस्त्यांनी गावाबाहेर पडून या गाड्या तुमसर, पवनी, लाखांदूरच्या बाजारात धानाची पोती पोचवतात. खाचखळगे पार करता यावेत म्हणून त्यांचा तळ जमिनीपासून बराच उंच ठेवलेला असतो. त्यामुळे केबिनमध्ये चढणे-उतरणे मात्र अवघड होते. बैलगाडीत चढणारा माणूस चाकाच्या तुंब्यावर पाय द्यायचा. पिकअपला तशी सोय नाही, म्हणून दाराखाली पायदान म्हणजेच साईड स्टेप बसवून घेतात. ती निवडताना बहुधा चकाकी आणि किंमत एवढेच पाहिले जाते. प्रत्यक्षात या साध्या वस्तूत शालेय यंत्रशास्त्राचे निम्मे धडे सामावलेले आहेत.

प्रथम उंचीचा विचार करू. समजा, केबिनचा तळ जमिनीपासून ५५ सेंमी उंच आहे आणि चढणाऱ्याचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे. वर चढण्यासाठी त्याला सुमारे ३२३ ज्यूल कार्य करावे लागते. पायदान बसवले तरी हे कार्य कमी होत नाही, फक्त त्याचे दोन हप्ते होतात. मग फायदा कोणता? पाऊल फार उंच टाकले की गुडघा जास्त वाकतो आणि शरीराच्या वजनाची रेषा गुडघ्यापासून दूर जाते. बल तेवढेच राहते, पण तरफेची भुजा वाढते. त्यामुळे मांडीच्या स्नायूंना कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. पायरी निम्म्या उंचीवर असली, की ही भुजा आखूड होते.

चढताना फक्त श्रम वाढतात, धोका असतो तो उतरताना. ५५ सेंमी उंचीवरून सरळ उडी मारली, तर जमिनीवर टेकताना वेग ताशी सुमारे १२ किलोमीटर असतो. पाय ताठ ठेवल्याने शरीर ५ सेंमी अंतरात थांबले, तर पायांवर सरासरी वजनाच्या १२ पट बल येते. गुडघे वाकवून तेच अंतर ३० सेंमी केले, तर बल तिपटीहून थोडे कमी राहते. दिवसातून पन्नास वेळा चढउतार करणाऱ्या चालकाच्या आणि हमालाच्या गुडघ्यांसाठी हा फरक लहान नाही. पायदान असेल तर उडीच मारावी लागत नाही, कारण वरचा पाय शरीराला सावकाश खाली सोडतो. म्हणून पायदानाची खरी कसोटी उतरताना लागते, असे आम्ही म्हणतो.

वरील उदाहरणात पायदान जमिनीपासून २७-२८ सेंमी उंच हवे. दोन पायऱ्या असमान असल्या तर पाऊल चुकते. माप घेताना गाडीत माल भरलेला असावा, कारण भाराने स्प्रिंगा दबतात आणि पायदानही खाली येते.

आता रुंदी पाहू. पायदान दाराच्या कडेबाहेर निदान १२ ते १५ सेंमी यावे. तरीही गाडीकडे पाठ करून उतरणाऱ्याची फक्त टाच त्यावर टेकते. गाडीकडे तोंड करून, दांडा धरून उतरल्यास चवडा नीट टेकतो. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी आधाराला असले पाहिजेत. पायदानाची टोके बंद व गोलसर असावीत, म्हणजे साडीचा काठ अडकत नाही.

पायदान जितके बाहेर येईल, तितका त्याच्या ब्रॅकेटवरचा ताण वाढतो. चासीपासून पायदानाच्या कडेपर्यंतचे अंतर अर्धा मीटर असेल, तर ६०० न्यूटन वजनाचे परिबल, म्हणजे बल आणि अंतर यांचा गुणाकार, ३०० न्यूटन-मीटर होते. शिवाय एकदम टाकलेला भार क्षणभर दुप्पट परिणाम करतो. म्हणून ब्रॅकेट माणसाच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार पेलणारे हवे.

नळी घ्यावी की सळई? ५० मिलिमीटर बाह्य व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी तेवढ्याच वजनाच्या भरीव सळईपेक्षा वाकण्याला सुमारे १२ पट अधिक विरोध करते. वाकताना मधल्या भागावर ताण नसतोच, त्यामुळे द्रव्य कडेला असणे फायद्याचे ठरते. पोकळ बांबू हलका असूनही ताठ का असतो, याचे उत्तर हेच. परंतु गोल नळीवर पाऊल जेमतेम एका रेषेत टेकते. म्हणून सांगाडा नळीचा असावा आणि पाय ठेवायला वर सपाट पत्रा असावा.

हा पत्रा गुळगुळीत नसावा. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलाने माखलेले पाऊल त्यावर पडते, आणि ओल्या चिकणमातीचा थर वंगणाचे काम करतो. उठावाचा चेकर्ड पत्रा बरा, पण खाचांत चिखल भरला की तोही निसरडा होतो. दातेरी भोकांची जाळी सर्वांत चांगली, कारण चिखल भोकांतून खाली जातो आणि दाते तळव्याला धरून ठेवतात.

पायदान किती लांब असावे? गाडी बांधीची पाळ तिरपी ओलांडते, तेव्हा पुढच्या आणि मागच्या चाकांमधला भाग पाळीवर टेकण्याचा संभव असतो. चाकाजवळचा भाग चाकाबरोबर वर उचलला जातो, मधला मात्र तसा उचलला जात नाही. म्हणून लांबलचक पट्टीपेक्षा पुढच्या चाकाजवळचे, दारापुरते आखूड पायदान बरे.

बसवताना चासीला नवे भोक पाडू नये. भोकाच्या कडेला प्रतिबल तिपटीपर्यंत वाढते, हे किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ साली गणिताने दाखवले. चासीच्या वरच्या आणि खालच्या कडांवर ताण सर्वाधिक असतो, तेथे भोक पाडणे सर्वांत घातक. कारखान्याने ठेवलेली भोकेच वापरावीत.

पायदान थांबलेल्या गाडीसाठी असते. चालत्या गाडीच्या पायदानावर माणूस उभा करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२३ नुसार मनाई आहे. वळणावर जडत्वामुळे तो बाहेर फेकला जाऊ शकतो आणि मागचे चाक तर जवळच असते.

वर्गात करून पाहा : शाळेसमोर उभ्या असलेल्या एखाद्या गाडीच्या केबिनची उंची विद्यार्थ्यांना मोजायला लावा आणि उडीच्या वेळचा वेग काढायला सांगा. मग स्प्रिंगकाट्याला वजन अडकवा, ते हाताने शून्यावर धरून एकदम सोडा. काटा क्षणभर जवळजवळ दुप्पट आकडा दाखवील. पायदानाचे ब्रॅकेट मजबूत का हवे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.