आकडा ब्रसेल्सचा, निर्णय शहराचा

युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार हवेतील नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ही मर्यादा २०१० पासून बंधनकारक झाली. ती ओलांडली गेल्यास नेमका कोणता उपाय योजावा, हे मात्र निर्देश सांगत नाही. आराखडा करावा आणि उल्लंघनाचा काळ ‘शक्य तितका अल्प’ ठेवावा, एवढीच त्याची अट आहे. या शब्दांचा अर्थ लावण्याचे काम बव्हंशी शहरांच्या वाट्याला आले.

डिझेल वाहनांवर बंदी घालता येते, पण ती प्रमाणशीर हवी, असा निर्वाळा जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. त्यानंतर हॅम्बुर्गने दोन रस्त्यांच्या काही भागांवरच जुन्या डिझेल वाहनांना मज्जाव केला; त्यांपैकी एका रस्त्यावर तो केवळ ट्रकपुरता होता. वाहने शेजारच्या रस्त्यांनी वळसा घेतील आणि धूर फक्त जागा बदलेल, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. श्टुटगार्टने २०१९ पासून जवळजवळ संपूर्ण शहरात ‘युरो ४’ व त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी केली.

लंडनने बंदीऐवजी शुल्काचा मार्ग पत्करला. निकषात न बसणाऱ्या मोटारींना दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात. एप्रिल २०१९ मध्ये मध्यवर्ती भागापुरती असलेली ही योजना ऑगस्ट २०२३ मध्ये हॅरो, हाउन्स्लोसारख्या उपनगरांपर्यंत, म्हणजे अनेक मराठी कुटुंबांच्या दारापर्यंत पोहोचली. ब्रिटन तोवर संघातून बाहेर पडला होता. ४० ची मर्यादा मात्र ब्रिटिश कायद्यात कायम राहिली होती.

मोजणी कशी करावी, यावरही वाद झाला. ब्रसेल्समधील रहिवाशांच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने जून २०१९ मध्ये स्पष्ट केले, की एकाच मोजणी केंद्रावर मर्यादा ओलांडली गेली तरी उल्लंघन सिद्ध होते. स्वच्छ भागांची सरासरी काढून गजबजलेल्या रस्त्यावरचा धूर झाकण्याची पळवाट त्यामुळे बंद झाली.

२०२४ च्या नव्या निर्देशाने ही मर्यादा २० मायक्रोग्रॅमवर आणली असून ती २०३० पर्यंत गाठायची आहे. जुनी गाडी बदलणे ज्यांना परवडत नाही आणि वर्दळीच्या रस्त्यालगत ज्यांची मुले वाढतात, त्या दोघांच्या हिताचा मेळ कसा घालायचा, याचे उत्तर निर्देशात नाही. ते प्रत्येक शहराला स्वतःच शोधावे लागेल.